चवीपुरती एक

४ मार्च

बारक्या,

आशीर्वाद वगैरे पुढच्या पत्रात, तुझी तेवढी लायकी झाली की. फोनच करणार होते, पण आपल्या घरात फोन बोलायला नसतो, आपटायला असतो. गेल्या वेळी तू आपटलास, त्याआधी मी. कागद तुला मध्येच बंद करता येणार नाही. फाडलास तरी आधी वाचशील, तेवढी मी तुला ओळखते.

दादाचा फोन आला होता. रडकुंडीला आलाय माणूस. कारखान्याच्या कँटीनचा ठेका अण्णांच्या काळापासून आपल्याकडे आहे आणि आता साहेबांनी लेखी कळवलंय म्हणे, की जेवण सुधारलं नाही तर महिनाअखेर दुसरा माणूस बघू. कारण काय, तर रस्सा आळणी, सूप म्हणजे बटाटे धुतलेलं पाणी. कामगार ताटं तशीच सरकवून उठतात. आणि हे कधीपासून? तू सिगारेट सोडलीस तेव्हापासून!

सोडलीस त्याचं मला कौतुकच होतं. ज्याला-त्याला सांगत सुटले होते मी. माझ्याकडे गाडी शिकायला येतात त्यांनासुद्धा सांगून झालं, त्या बिचाऱ्यांचा काय संबंध? पण सोडली म्हणून घरादारावर सूड उगवायचा का रे? दादा म्हणतो, तू सगळ्यांच्या अंगावर खेकसतोस, भाजी चिरणाऱ्या मावशींना रडवलंस, पातेली आदळतोस आणि मीठ घाल म्हटलं की डोळे वटारतोस. अरे, तलफ तुझी आणि शिक्षा जेवणाऱ्यांना? सकाळपासून मशीनपुढे उभा राहिलेला माणूस दोन घास सुखाने खायला येतो, त्याच्या अन्नात माती कालवायचा तुला काय अधिकार?

खरं सांगू? जमत नसेल तर नसेल. इतकी वर्षं ओढलीस, आता एखादी ओढलीस म्हणून काय आभाळ कोसळणार आहे? दिवसाला एक. तुझं डोकं ठिकाणावर राहील, दादाचा धंदा राहील आणि माझ्या जिवाचा घोर जाईल.

उलट टपाली उत्तर पाठव. 'बघतो' एवढंच लिहायचं असेल तर तिकिटाचे पैसे वाया घालवू नकोस.

ताई

* * *

९ मार्च

ताई,

तुझं पत्र वाचलं, चुरगाळलं, कचऱ्यात टाकलं, पुन्हा काढून मांडीवर सरळ केलं आणि पुन्हा वाचलं. ही म्हणाली, 'इस्त्री आणून देऊ का?' तिच्यावरही ओरडलो. म्हणजे मी खेकसतो हे दादाचं म्हणणं खरं आहे. बाकीचं ऐक.

सोडल्यावर सुरुवातीचे दिवस वाईटच गेले. हात रिकामे, तोंड रिकामं, डोक्यात गोंधळ. मग एका सकाळी रस्सा चाखला आणि थुंकला. खारट! तोंडात घालवेना. मावशींवर ओरडलो तो त्याच दिवशी. मला वाटलं, त्यांनी माझ्या मागे दुसऱ्यांदा मीठ घातलं. त्या रडत म्हणाल्या, 'तुम्हीच घातलंत, रोज घालता तेवढंच.' दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. तेव्हा कुठे डोक्यात उजेड पडला. मीठ तेवढंच होतं, माझी जीभ जागी झाली होती. ताई, इतकी वर्षं मी मेलेल्या जिभेने मीठ घालत होतो आणि कारखान्यातली निम्म्याहून जास्त माणसं, तीही ओढणारीच, तितक्याच मेलेल्या जिभेने खात होती. म्हणून माझं नाव झालं. 'हाताला चव आहे' म्हणे. कसली हाताला!

मावशींची माफी मागितली. त्यांनी अजून केलेली नाही.

मग मी जिभेला पटेल तेवढंच मीठ घालायला लागलो. आचाऱ्याने दुसरं काय करायचं? मला आता गाजराची चव कळते. गाजर गोड असतं गं! कोबी शिजताना त्याला वास येतो, तो मला कित्येक वर्षांत आला नव्हता. मी कधी नव्हे ते मन लावून रांधतोय आणि लोक ताटं सरकवून जाताहेत. शिट्ट्या मारतात. परवा एकाने रश्शाची वाटी घेतली आणि सगळ्यांसमोर तिच्यात हात धुतले.

यावर तुझ्या रडकुंडीला आलेल्या दादाने काय उपाय काढला, ते सांगितलं का त्याने तुला? नसेल सांगितलं. त्याने चुलीशेजारच्या फळीवर, मसाल्याच्या डब्यांच्या रांगेत, सिगारेटचं पाकीट आणून ठेवलंय. वर काड्यापेटी. म्हणाला, 'मीठ घालायच्या आधी एक ओढायची, मग चाखायचं, मग घालायचं. चवीपुरती एक.' मला वाटलं, थट्टा करतोय. हसलो. तो हसत नव्हता. तेव्हापासून पाकीट तिथेच आहे. मी जिरं घ्यायला हात घातला की बोटांना लागतं. मी उचलून त्याच्या टेबलावर ठेवलं की दुसऱ्या दिवशी पुन्हा फळीवर.

आता तुला न सांगितलेलं सांगतो. गेल्या वर्षी माझ्या पायावर पातेलं पडलं, असं तुला कळवलं होतं. पातेलं-बितेलं काही पडलं नव्हतं. डाव्या पायाचं करंगळीशेजारचं बोट काळं पडलं होतं. वाटलं, ओल्या फरशीने चिघळलं असेल. डॉक्टरांनी बोट बघितलं आणि पहिला प्रश्न विचारला, 'किती ओढता?' पायाच्या रक्तवाहिन्या बंद होत चालल्यात, ताई. सिगारेटने. बोट कापलं. ही आणि दादा, दोघांनाच माहीत. तुला सांगू नका म्हणून मीच शपथ घातली होती, कारण तू धावत आली असतीस आणि मला तुझ्यासमोर रडायचं नव्हतं.

बोट गेल्यावर लगेच सोडली असं समजू नकोस, इतका शहाणा मी नाही. लपूनछपून ओढत होतो. शेजारचं बोट निळं पडायला लागलं तेव्हा तंतरली. डॉक्टरांना विचारलं, 'कमी केली तर?' ते म्हणाले, या दुखण्याला कमी-जास्त कळत नाही. बंद म्हणजे बंद. नाहीतर आधी दुसरं बोट, मग पाऊल, आणि त्यापुढचं मला विचारू नका. मी विचारलं, 'दिवसाला एक?' म्हणाले, 'एकीनेही पाय जाईल.'

दिवसाला एक. तू लिहिलंस ना?

दादाने म्हटलं ते मी सोसलं. त्याच्या डोक्यावर ठेका आहे, माणसांचे पगार आहेत. पण तू लिहावंस? मला उभं राहून काम करायचं असतं ताई, दिवसभर उभं. आणि कोणी मधला मार्ग सुचवू नये. ताटात वरून मीठ घालून घ्यायला आपली काय भिकार खानावळ आहे? मीठ आचाऱ्याच्या हातूनच पडलं पाहिजे. ते मला जमत नाहीये, एवढंच.

बारक्या

* * *

१३ मार्च

दादा,

नमस्कार राहू दे, सरळ मुद्द्यावर येते.

बारक्याच्या पायाचं बोट कापलं हे तुला माहीत होतं. का कापलं हेही माहीत होतं. आणि तू त्याच्या हाताशी, चुलीशेजारी, सिगारेटचं पाकीट ठेवलंस. त्याने बाजूला केलं की पुन्हा ठेवलंस. लाज वाटली नाही? फोनवर माझ्याकडे रडलास तेव्हा एवढंच तेवढं सांगायचं विसरलास? तुझं ऐकून मी त्या पोराला काय लिहून बसले, ते आठवलं की मला स्वतःच्या थोबाडीत मारावंसं वाटतं. त्याला आजच वेगळं पत्र टाकलंय. तुझ्या वाटचं हे.

आणि तुम्हा दोघा ठोंब्यांना एक साधी गोष्ट सुचत कशी नाही? मीठ टेबलावर ठेवा! प्रत्येक टेबलावर एक वाटी, एक चमचा. ज्याला हवं त्याने घ्यावं, नको त्याने घेऊ नये. जगात कुठेही असंच असतं. फक्त आपल्याच घरात टेबलावर मीठ ठेवणं म्हणजे आचाऱ्याचं नाक कापणं. हे अण्णांनी डोक्यात भरवलं आणि तुम्ही दोघं ते कवटाळून बसलात. तो लिहितो, 'ताटात वरून मीठ म्हणजे भिकार खानावळ.' तूही हेच म्हणशील, मला माहीत आहे. म्हणजे भावाचा पाय गेला तरी चालेल, पण टेबलावर वाटी येता कामा नये. कसली अक्कल आहे ही?

दिवसभर मी नवशिक्यांच्या शेजारी बसून ब्रेक दाबत असते. समोर भिंत दिसत असताना गाडी तिकडेच नेणारी माणसं मी रोज बघते. पण ती निदान घाबरलेली असतात.

पाकीट आज काढ. मीठ उद्या ठेव.

तुझी बहीण

* * *

१८ मार्च

चिमणे,

तुझ्या त्या शिकाऊ लोकांशी बोलतेस तशी माझ्याशी बोलत जाऊ नकोस. मी तुझ्यापेक्षा मोठा आहे. अण्णा गेले तेव्हा तुला आणि बारक्याला कोणी बघितलं, ते जरा आठव. तुझ्या गाडी शिकण्याचे पैसे याच कँटीनमधून गेले.

तू तिथे बसून हुकूम सोडतेस. इथे साहेब रोज जेवायच्या सुट्टीत माझ्यासमोर येऊन उभे राहतात आणि टाकलेल्या अन्नाच्या बादल्या दाखवतात. मावशी, भांडी घासणारे, वाढणारे, सगळ्यांची पोटं माझ्यावर. ठेका गेला तर बारक्या तरी कुठे जाणार? बोट नसलेल्या आचाऱ्याला कोण ठेवून घेणार आहे? त्याचा विचार मीच करतो, तू नाहीस.

डॉक्टरांचं म्हणशील तर त्यांना सगळ्या दुखण्यात सिगारेट दिसते. मी त्याच्याहून कितीतरी आधीपासून ओढतो, माझे पाय धडधाकट आहेत. त्याचं बोट ओल्या फरशीने गेलं. मी त्याला रबरी बूट घे म्हणून किती वेळा सांगितलं होतं!

टेबलावर मीठ येणार नाही. अण्णांकडे एकदा एका गिऱ्हाईकाने मीठ मागितलं, तर अण्णांनी आख्खं पातेलं मोरीत उपडं करून सगळ्यांना नव्याने वाढलं होतं. तू लहान होतीस. त्या माणसाचा मी मुलगा आहे. मी गेल्यावर काय ठेवायच्या त्या वाट्या ठेवा.

आणि आता ऐक, म्हणजे तुझा राग उतरेल. प्रश्न मिटला आहे. परवा बारक्या स्वतःहून पाकीट घेऊन मागच्या दाराने अंगणात गेला. मी स्वतः बघितलं, हातात पेटलेली, धूर वर चाललाय. आत आला, चाखलं, मीठ घातलं, आणि रस्सा असा झाला की लोकांनी वाट्या पुसून खाल्ल्या. साहेबांनी दुसऱ्यांदा मागवला. काल पुन्हा तसाच. एका सिगारेटने काही होत नाही हे त्यालाही पटलंय. तेव्हा तू आता मध्ये पडू नकोस.

दादा

* * *

२१ मार्च

बारक्या,

दादाचं पत्र आलं. तू ओढतोस असं त्यात आहे. त्याने डोळ्यांनी बघितलंय म्हणतो. दोन दिवस.

खरं आहे का?

मी गेल्या पत्रात तुझी क्षमा मागितली होती. 'दिवसाला एक' लिहिलं ते मूर्खपणाने लिहिलं, पुसून टाक, असं लिहिलं होतं. त्याला तू उत्तर दिलं नाहीस. माझं पहिलं पत्र वाचून पेटवलीस का? म्हणजे माझ्यामुळे? मला खोटं बरं वाटेल असं काही लिहू नकोस. ओढली असशील तर 'ओढली' लिही. मग मी काय करायचं ते बघते. मी तुला मारणार नाही, आता तू माझ्यापेक्षा हातभर उंच आहेस.

पण बारक्या, ओढली असशील तर तू एक नंबरचा गाढव आहेस. हे मी रागाने लिहितेय आणि रागातच पाकिटात घालतेय.

ताई

* * *

२६ मार्च

बारक्या,

उत्तर नाही. फोन लागत नाही. तुझ्या बायकोला केला, तर ती म्हणते, 'ते लिहिणार आहेत, मला काही विचारू नका.' याचा अर्थ काय लावायचा मी? दिवसभर मी शिकाऊ लोकांवर ओरडतेय. काल एक बाई गाडी रस्त्याच्या मधोमध सोडून उतरून गेल्या.

रविवारपर्यंत उत्तर आलं नाही तर मी तिथे येते. आणि आले तर आधी दादाला धरेन आणि मग तुला.

ताई

* * *

३० मार्च

ताई,

येऊ नकोस. म्हणजे ये, पण भांडायला येऊ नकोस, ते काम झालंय.

इतके दिवस लिहिलं नाही, कारण काय लिहायचं तेच कळत नव्हतं. दादाने बघितलं ते खरं आहे आणि मी ओढली नाही हेही खरं आहे. नीट सांगतो.

तुझं माफीचं पत्र आलं त्याच दिवशी साहेब सगळ्यांसमोर दादाला वाटेल ते बोलले. दादा मान खाली घालून उभा. ते मला बघवलं नाही. कसाही असला तरी दादा आहे. मग मी ठरवलं, लोकांना खारट हवंय ना, खारट देतो. जिभेला विचारायचंच नाही. पूर्वी पातेल्याला जितक्या मुठी जायच्या तितक्या घालायच्या, डोळे मिटून. पण दादाला नुसतं सांगून ते पटलं नसतं. तो म्हणाला असता, आळणीच आहे. त्याचीही जीभ मेलेली, तो डोळ्यांनी चाखतो. म्हणून पाकीट घेऊन त्याच्या खिडकीसमोरून मागे गेलो, एक पेटवली आणि हातात धरून उभा राहिलो. काडीने पेटवली, तोंडाला न लावता. जळू दिली. संपल्यावर आत आलो, मुठी घातल्या. लोकांनी वाट्या पुसल्या. दादाने माझ्या पाठीवर थाप मारली, 'बघ, म्हटलं नव्हतं?'

मला त्या थापेचा जितका राग आला तितका त्या पाकिटाचाही आला नव्हता. मी रांधलेलं मला गिळवत नव्हतं, आणि शाबासकी कोणाला, तर सिगारेटला!

एकदा सोंग घेतलं की रोज घ्यावं लागतं. मला वाटलं होतं, हातात धरण्यात काय आहे. ताई, कोणाला सांगू नकोस, हातात धरणं हे न ओढण्यापेक्षा भयंकर आहे. धूर नाकाशी येतो. बोटांना ती धरायची सवय असते, ती आपोआप वर यायला लागतात. मी हात पाठीमागे धरायचो, शाळेत शिक्षा झाल्यासारखा. तुझं 'खरं आहे का?' आलं तेव्हा मी खरंच ओढलेली नव्हती, पण 'नाही' असं छाती ठोकून लिहावं इतकी माझी मलाच खात्री नव्हती. तू तर आधीच ठरवून बसली होतीस. दादा खूश, तू संतापलेली, दोघांच्या लेखी मी ओढतोच आहे. मग न ओढून कोणाचं भलं करतोय मी, असं मनात यायला लागलं. तुझं दुसरं पत्र आलं आणि तो विचार पक्का झाला. हे तुला दुखवायला लिहीत नाही. म्हणजे थोडं दुखवायलाच लिहितोय.

काल सकाळी ती ओठाला लावली.

ओढली नाही. लावली. ओठाला तो कागद चिकटला आणि तोंडात एकदम पाणी सुटलं, रश्शाने कधी सुटलं नाही इतकं. एक श्वास आत घ्यायचा बाकी होता. मला ते निळं पडलेलं बोट बुटात जाणवत होतं. मी ती सिगारेट ओठावरून ओढून काढली, कातडं सोलून निघालं तिच्याबरोबर, आणि मोठ्याने शिवी दिली. मावशी आतून म्हणाल्या, 'कोणाला?' म्हटलं, 'सगळ्यांना!'

आत गेलो, पाकीट कोबीच्या सालपटांच्या बादलीत घातलं. मग मिठाची बरणी काखेत मारली, चटणीच्या वाट्या घेतल्या, आणि जेवणाच्या हॉलमध्ये जाऊन टेबलाटेबलावर मीठ मांडलं. एकेक वाटी ठेवताना मला अशी शरम वाटत होती की विचारू नकोस. अण्णा दारात उभे असल्यासारखं वाटत होतं. तरी मांडलं. मावशी मागून येऊन चमचे ठेवत होत्या. बहुतेक माफी झाली.

रस्सा मी माझ्या जिभेने केला होता.

भोंगा झाला, लोक आले. आधी वाट्यांकडे बघत राहिले. एक जण म्हणाला, 'हे काय, आज आचारी दमला वाटतं?' सगळे हसले. मग एकाने चमचाभर घेतलं, दुसऱ्याने दोन, आणि जेवायला लागले. कोणी शिट्टी मारली नाही. स्टोअरचा तो सडपातळ माणूस, जो कधी कोणाशी बोलत नाही आणि सिगारेटला शिवत नाही, त्याने वाटीला हातही लावला नाही. जेवून वाढायच्या खिडकीशी आला आणि म्हणाला, 'मीठ कमी केलंत तेव्हापासून, मधले हे दिवस सोडले तर, पाण्याचा तांब्या न संपवता जेवतोय. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.' मी म्हटलं, 'मग आधी का नाही बोललात?' म्हणाला, 'सगळ्यांना आवडत होतं.'

तेवढ्यात दादा आला.

त्याने वाट्या बघितल्या. तो एकेका टेबलावरून वाट्या उचलायला लागला, जेवणाऱ्यांच्या समोरून. मीठ सांडतंय, लोक चमचा हातात धरून बसलेत. 'अण्णांच्या कँटीनमध्ये!' म्हणाला. 'अण्णांच्या कँटीनमध्ये टेबलावर मीठ!' मी म्हटलं, 'अण्णांच्या पायांना सगळी बोटं होती!' मग मला जे बोलायचं होतं ते सगळं बोललो. म्हटलं, ज्या रश्शाची तू पाठ थोपटलीस तो सिगारेटने झालेला नव्हता, मी एकही ओढलेली नाही, नुसती जाळली, तुझ्यासाठी. तो म्हणाला, 'म्हणजे मला फसवलंस.' म्हटलं, 'हो, फसवलं. तू माझा पाय मागत होतास, मी धूर दिला.' मी अॅप्रन सोडला, त्याच्या हातातल्या वाट्यांवर ठेवला आणि घरी आलो. साहेब दारातच होते, त्यांनाही वाट दे म्हटलं.

घरी येऊन हिला सांगितलं, नोकरी गेली. ही म्हणाली, 'बूट काढा आणि बसा.'

दिवेलागणीला दादा आला. येताना ओढतच आला. आत पाऊल टाकणार तोच मी म्हटलं, 'ती घेऊन आत यायचं नाही.' हे मी त्याला आयुष्यात पहिल्यांदा म्हटलं. तो म्हणाला, 'मोठ्या भावाला दाराबाहेर उभा करतोस?' म्हटलं, 'हो.' मग तो खिडकीशी जाऊन उभा राहिला. धूर आत यायला लागला म्हणून हिने खिडकी लावून घेतली. त्यामुळे पुढचं सगळं भांडण आम्ही बंद काचेतून, ओरडून केलं. शेजाऱ्यांनी फुकट ऐकलं.

तो ओरडला, 'उद्या येतोस की नाही?' मी ओरडलो, 'टेबलावर मीठ राहणार असेल तर येतो!' तो म्हणाला, 'साहेब म्हणतात राहू दे!' म्हटलं, 'तू काय म्हणतोस?' म्हणाला, 'माझी वाचा बसलीय.' म्हटलं, 'ओरडतोयस की!' मग ठेक्याचं विचारलं, तर म्हणाला, 'साहेब म्हणाले, बघू.' मग एकमेकांच्या लहानपणापासूनच्या चुका काढल्या. मग तो थकला असेल. काचेशी तोंड आणून म्हणाला, 'बोट खरंच सिगारेटने गेलं?'

मी म्हटलं, 'डॉक्टरांनी तुझ्यासमोर सांगितलं होतं.'

म्हणाला, 'मी ऐकत नव्हतो.'

मी मोजा काढला आणि पाय उचलून खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला. काचेला टेकवला म्हण ना. त्याने तो कधी बघितला नव्हता, ताई. इस्पितळात माझ्या उशाशी बसायचा, पायांकडे पाठ करून. आता काचेला नाक लावून बघत होता. कापलेल्या जागी बघितलं, मग शेजारच्या बोटाकडे. ते अजून निळसरच आहे. मग म्हणाला, 'आणि हे?' मी म्हटलं, 'हे राहील, मी राहू दिलं तर.' तो म्हणाला, 'मला कधी दाखवलं का नाहीस, गाढवा?' म्हटलं, 'तू कधी विचारलंस?' पुन्हा ओरडाआरडा सुरू. समोरच्यांनी दिवा लावून विचारलं, काही मदत हवी आहे का.

जाताना म्हणाला, 'उद्या वेळेवर ये. चुलीपाशी स्टूल ठेवतो, बसून रांध.' मी म्हटलं, 'सिगारेट तू कुठे ओढणार?' म्हणाला, 'गेटबाहेर.' सोडणार वगैरे म्हणाला नाही. मी विचारलंही नाही. माझी मला सांभाळता येईना, त्याची कुठे घेऊ?

माझा राग गेलेला नाही. दादावरचाही नाही आणि तुझ्यावरचाही नाही. तू 'ओढली असशील तर' असं लिहिलंस ना, ते अजून बोचतं. कमी होईल हळूहळू. तोपर्यंत तू पत्रं लिहीत राहा, मी चिडत राहतो.

एक मात्र लिहून ठेवतो, कारण तू विचारल्याशिवाय राहणार नाहीस. दादा गेल्यावर हिने खिडकी उघडली. बाहेर त्याचा धूर अजून होता. मी पाय तसाच कट्ट्यावर ठेवून बसलो होतो आणि मला ओढावीशी वाटली. त्या क्षणी, पायाकडे बघत असताना. इतकी वाटली की मी हिचा हात धरला. ती म्हणाली, 'दुखतंय का?' म्हटलं, 'नाही, दुसरंच आहे.' तिने हात सोडवून घेतला नाही.

आजही वाटली. ओढली नाही.

बारक्या